धक्का ते दार

गोव्यात बोटीतून उतरलं की पुण्याच्या दारापर्यंत एकच गाडी हवी, हे मत मी घरात फार जोरात मांडत आले. आमच्याकडे प्रवासाचं खातं माझ्याकडे आहे. तिकिटं, खोल्या, कोणाला खालचा बर्थ, कोणाच्या गोळ्या कोणत्या पिशवीत, हे मी ठरवते आणि बाकीचे त्यावर टीका करतात. मुंबईहून क्रूझने गोव्याला जायचं आणि तिथून जमिनीवरून घरी यायचं, अशी टूम आमच्याकडे निघाली की दर वेळी परतीच्या वाहनाबद्दल मी चर्चासुद्धा होऊ द्यायचे नाही. इनोव्हा, ड्रायव्हरसकट, बंदराबाहेर उभी. बॅगा मागे, सासूबाई पुढच्या सीटवर, आणि थेट कोथरूड. आता मी त्या बाजूची राहिलेले नाही. मत बदललं म्हणजे मला काही साक्षात्कार झाला असं नाही. एकेक खुंटी ढिली होत गेली आणि शेवटची तर मी हलवलीही नाही, ती परिस्थितीने उपटली.

मुंबई-गोवा समुद्रमार्ग आपल्याला नवा नाही. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जाणाऱ्या बोटींवर कोकणातल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. माझे सासरे वेंगुर्ल्याचे. बोट भर समुद्रात थांबायची, मग पडावात उतरायचं, पडावातून किनारा, आणि किनाऱ्यावरून एसटी किंवा बैलगाडी, हे ते इतक्यांदा सांगायचे की आम्हाला पाठ होतं. त्यांना बोट हे वाहन होतं. पुढे ती वाहतूक बंद पडली. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘आंग्रिया’ ही क्रूझ सुरू झाली आणि 2021 पासून मोठ्या क्रूझ बोटी मुंबईहून निघू लागल्या, तेव्हा चित्र उलटं झालेलं होतं. आता बोट हीच सहल. त्यावर पोहण्याचा तलाव, रात्री गाणी, तीन वेळा भरपेट जेवण. वाहन शोधायचं ते सगळं संपल्यावर. आणि सहल संपल्यानंतरच्या दिवसाचा विचार कोणीच करत नाही. जाहिरातवाले करत नाहीत, आपणही करत नाही.

जाहिरातवाल्यांचं तर वेगळंच. ते शहराचं नाव छापतात आणि बोट लागते भलतीकडे. आमच्या नणंदबाई युरोपातली क्रूझ करून आल्या. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ लिहिलं होतं, प्रत्यक्षात बोट लागली चिव्हितावेक्कियाला, म्हणजे रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लॉरेन्स आणखी नव्वद किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र आणि ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, दोन्हीकडून शहर दोनशे किलोमीटरच्या आसपास. व्हेनिसमध्ये तर ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना शहरासमोरच्या कालव्यातून जायलाच बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेली बोट कधी मार्गेराला, कधी रावेन्नाला, कधी त्रिएस्तला लागते. नणंदबाई हे सांगताना चिडल्या होत्या. मी त्यांची समजूत काढली की आपल्याकडे असं नसतं, गोवा म्हणजे गोवा. पण गोवा म्हणजे मुरगाव. पणजी नव्हे, कलंगुट नव्हे, मडगावही नव्हे. कोळसा आणि खनिज हाताळणारं एक कामाचं बंदर, वास्कोच्या टोकाला. पणजी तिथून तीस-एक किलोमीटर आणि मडगावही साधारण तेवढंच. परतीचा हिशेब गोव्यापासून न मांडता मुरगावच्या धक्क्यापासून मांडायला हवा, एवढी साधी गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

आधी माझ्या हट्टाची कारणं सांगते, कारण ती सगळीच वेडगळ नव्हती. घरात ज्येष्ठ माणसं. सामान भरपूर, कारण क्रूझ म्हटली की एका रात्रीच्या कपड्यांसाठी एक बॅग वाढते. स्टेशन म्हणजे गर्दी, हमाल, कोणता डबा कुठे लागणार याची धाकधूक. गाडीत यातलं काही नाही. हवं तिथे थांबा, हवं तिथे चहा घ्या. आणि आता खरं तेही सांगून टाकते. दोन रात्री पांढऱ्या चादरींवर झोपून, कोणीतरी खुर्ची मागे ओढून दिलेल्या टेबलावर जेवून आल्यावर स्टेशनवर बॅग ओढत चालणं मला कमीपणाचं वाटायचं. सोसायटीच्या फाटकात इनोव्हातून उतरलं की सहल पूर्ण झाल्यासारखी वाटायची. रिक्षातून उतरलं की सहल कोणीतरी अर्ध्यात कापल्यासारखी. हे मी तेव्हा कुणापाशी बोलले नव्हते. सासूबाईंच्या गुडघ्यांचं नाव पुढे करायची.

पहिली खुंटी ढिली केली ती घाटाने. वास्कोहून पुण्याला यायला रस्ते पुष्कळ आहेत आणि प्रत्येक ड्रायव्हरचा एक लाडका असतो. साखळीवरून चोर्ला घाट, जांबोटी, बेळगाव. मोल्यावरून अनमोड घाट. किंवा पणजी, म्हापसा, बांदा करत सावंतवाडी आणि मग आंबोली, आजरा, निपाणी. कुठूनही गेलात तरी सह्याद्री चढावाच लागतो आणि कुठूनही अंतर साडेचारशे किलोमीटरच्या पुढेच जातं. एरवी आमच्या घरात कोणाला गाडी लागत नाही. पण बोटीवरून उतरल्यानंतरचा दिवस एरवीसारखा नसतो. दोन दिवस पायाखालची जमीन हलत असते, डोकं त्या हलण्याची सवय करून घेतं, आणि स्थिर जमिनीवर आल्यावर ती सवय लगेच सुटत नाही. उभं राहिलं तरी डुलल्यासारखं वाटतं. बहुतेकांचं ते काही तासांत जातं, काहींना एक-दोन दिवस लागतात. नेमक्या त्या तासांत आम्ही घाटाची वळणं घ्यायचो. बोटीवर एकाही माणसाला बोट लागली नव्हती, त्या सगळ्यांना घाट लागला. चोर्ल्याच्या एका वळणावर गाडी थांबवून माझा पुतण्या रस्त्याच्या कडेला ओणवा झाला होता, आणि मी त्याला सांगत होते की नाश्त्याला इतकं खायला नको होतंस.

दुसरी खुंटी पाण्याची. हे बायकांना लगेच कळेल. सासूबाई गाडीच्या प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायच्या, “तहान नाही गं.” मला हे माहीत होतं, तरी माहीत नसल्यासारखी वागायचे. कारण मलाही तेच करायची सवय. हायवेवर पेट्रोलपंप खंडीभर आहेत, पण तिथल्या स्वच्छतागृहाची किल्ली मागायची, ती ‘आत्ताच कोणीतरी नेली’ असायची, आत गेलं तर नळाला पाणी नसायचं, भारतीय पद्धतीचं असेल तर सासूबाईंना बसता येत नाही आणि कमोड असेल तर त्यावर बसवत नाही. मग पुढच्या मोठ्या हॉटेलापर्यंत कळ काढायची. कोल्हापूर ते सातारा रस्त्याचं रुंदीकरण सुरू झाल्यापासून ‘पुढचं हॉटेल’ किती वेळाने येईल हे सांगायची सोय राहिली नाही, कारण मध्येच रस्ता सेवारस्त्यावर वळतो आणि ट्रकच्या मागे रांग लागते. बोटीच्या केबिनमध्ये दोन पावलांवर स्वच्छ बाथरूम असताना दोन दिवस मोकळेपणाने पाणी प्यालेली बाई तिसऱ्या दिवशी दहा तास कोरडी बसायची. रात्री घरी आल्यावर त्यांचं डोकं दुखायचं आणि आम्ही म्हणायचो, समुद्राची हवा बाधली.

गाडी हवी तिथे थांबवता येते, हे माझं सर्वांत लाडकं वाक्य होतं. पुरुषांसाठी ते खरं आहे.

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची. बोट मुरगावला सकाळी लागते. म्हणजे पुण्याहून येणारी गाडी सकाळी तिथे हवी. म्हणजे ती आदल्या रात्री पुण्याहून निघणार. हे गणित शाळेतल्या पोरालाही यावं, पण भाड्याची गाडी ठरवताना आपण विचारतो ते किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, परराज्याचा कर. तो झोपणार कधी, हे विचारायची पद्धत नाही. एकदा निपाणीच्या पुढे गाडी किंचित उजवीकडे सरकली, परत जागेवर आली, आणि आरशात मला त्या मुलाचे डोळे दिसले. पंचविशीचा असेल. मी त्याला चहाला थांबवलं, गप्पा काढल्या. रात्रभर गाडी चालवून तो पहाटे वास्कोत पोचला होता, बंदराच्या बाहेर गाडीतच काच खाली करून तासभर पडला होता. त्याच्याकडे पास नसल्याने फाटकाच्या आत त्याला सोडलं नव्हतं, त्यामुळे आम्ही येईपर्यंत कोणाला तरी विचारत उभा होता. तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता, त्याच्या दृष्टीने हा नेहमीचा फेरा होता. मी हिशेब केला होता तो सगळ्यांच्या आरामाचा होता, फक्त स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचं नाव त्या यादीत नव्हतं. त्या दिवशी पुण्यापर्यंत मी पुढच्या सीटवर बसून अखंड बडबड केली. घरचे म्हणाले, हिला काय झालंय.

यावर उपाय होता आणि मी तो करूनही पाहिला. ड्रायव्हरला एक दिवस आधी बोलवायचं, त्याला वास्कोत खोली द्यायची. पण मग गाडीचे दिवस वाढतात, आणि जाऊन-येऊन नऊशेच्या वर किलोमीटर, पंधरा रुपयांचा दर धरला तरी साडेतेरा हजार, त्यावर भत्ते, खोली, टोल. एवढ्या पैशांत घाट तोच, स्वच्छतागृहं तीच.

तरीही मी मत बदललं नव्हतं. एवढं सगळं दिसत असूनही माणूस आपल्या मताला चिकटून राहू शकतो, हे मी स्वतःवरून सांगते. बदललं ते एका जोडसुट्टीच्या हंगामात. ओळखीच्या सगळ्या गाड्या आधीच ठरलेल्या. पुतण्याने, ज्याला चोर्ल्याने चांगला धडा दिला होता, मला न विचारता वास्को ते पुणे रेल्वेची तिकिटं काढली आणि मग सांगितलं, “काकू, रद्द करायची असतील तर तू कर.” मी रद्द करणार होते. गाडीच मिळेना, म्हणून केली नाहीत.

आम्हा पुणेकरांच्या डोक्यात गोव्याची रेल्वे म्हणजे कोकण रेल्वे. ती 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली आणि तिचं इतकं कौतुक झालं की गोव्याला त्याआधी शंभर वर्षांहून जुनी एक रेल्वे होती हे विसरायला झालं. कोकण रेल्वेने पुण्याला यायचं तर पनवेलपर्यंत जाऊन वळसा घ्यावा लागतो, आणि तशा गाड्या आठवड्यातून मोजक्याच. जुनी रेल्वे मात्र वास्कोतून निघून कुळे, कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज, सातारा करत सरळ पुण्यात येते. गोवा एक्सप्रेस याच मार्गाने वास्कोहून दिल्लीला निजामुद्दीनपर्यंत जाते. दुपारी निघते.

आणि ही रेल्वे बांधलीच होती बंदरासाठी. 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. गोव्यातल्या मिठाचा आणि जकातीचा ताबा इंग्रजांना हवा होता, पोर्तुगीजांना मुरगावचं बंदर आणि तिथून सह्याद्री चढून ब्रिटिश मुलखाला मिळणारा लोहमार्ग हवा होता. 1880 च्या दशकात बंदर आणि रेल्वे ही जोडीने बांधली गेली आणि 1888 मध्ये गाडी घाट चढून कॅसलरॉकला पोचली. दख्खनचा माल मुरगावहून जहाजात चढेल, अशी कल्पना होती. ती पोर्तुगीजांना वाटली तेवढी फळली नाही, ते जाऊ दे. माझ्या कामाची गोष्ट एवढीच की जहाजातून उतरून दख्खनात कसं जायचं या प्रश्नाचं उत्तर कोणीतरी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लोखंडात घालून ठेवलं होतं आणि मी इनोव्हाचे दर विचारत बसले होते. पूर्वी त्यात एक खोट होती. मिरजेपासून गोव्यापर्यंत मीटरगेज असल्याने तिथे गाडी बदलावी लागायची, रात्री-अपरात्री सामान या फलाटावरून त्या फलाटावर. जुन्या लोकांनी गोव्याच्या रेल्वेचं नाव काढलं की नाक मुरडलं जायचं त्याचं कारण ते. 1990 च्या दशकात सगळा मार्ग रुंद झाला, नाक मुरडणं मात्र मागे राहिलं. माझ्यापर्यंत ते वारशाने आलं असावं.

बंदराच्या फाटकापासून वास्को स्टेशन काही किलोमीटरवर आहे. तेवढ्यापुरती टॅक्सी करावी लागते, आणि गोव्यात टॅक्सी म्हणजे भाव आधी ठरवून मगच बसायचं. पण खरा फायदा वास्कोला जाऊन कळला. गाडी तिथूनच सुटते. म्हणजे ती आधीच फलाटावर येऊन उभी असते. मधल्या स्टेशनवर दोन-तीन मिनिटांत सहा बॅगा, तीन पिशव्या आणि दोन म्हाताऱ्या माणसांना डब्यात कोंबायचं, ही माझी जी रेल्वेची भीती होती, ती सुरुवातीच्या स्टेशनवर लागूच होत नाही. आम्ही निवांत चढलो. सासूबाईंनी खालच्या बर्थवर आपली शाल अंथरली, चपला आत सरकवल्या आणि पाण्याची बाटली उघडून अर्धी संपवली. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनीही बघितलं. दोघी काही बोललो नाही.

दुपारची वेळ हीसुद्धा या गाडीची जमेची बाजू आहे, आणि हे इनोव्हावाल्या कोणालाही पटवणं अवघड जातं. बोट धक्क्याला लागली म्हणजे आपण उतरलो असं होत नाही. आदल्या रात्री मोठ्या बॅगांना रंगीत चिठ्ठ्या लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. (त्यात दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि औषधं गेली की काय होतं ते आमच्या भाऊजींना विचारा, ते बोटीवरच्या बाथरोबमध्ये नाश्त्याला आले होते.) सकाळी बंदराचा वाटाड्या (पायलट) चढतो, बोट आत येते, दोर बांधले जातात, परवानग्या होतात, मग मजल्यांप्रमाणे किंवा रंगांप्रमाणे पुकारा होतो. खाली शेडमध्ये शेकडो बॅगांत आपली शोधायची. यात दोन तासही जातात आणि कधी त्याहून जास्त. सकाळची कोणतीही गाडी पकडायची म्हटली की हा सगळा वेळ घड्याळाकडे बघण्यात जातो. दुपारच्या गाडीला मध्ये जेवणसुद्धा बसतं. वास्कोत एका साध्या खानावळीत आम्ही हुमण-भात आणि तिसऱ्यांचं सुकं खाल्लं, सासूबाईंनी भाजी-पाव. दोन दिवसांच्या बुफेनंतर ते जेवण फार बरं लागलं.

दूधसागरबद्दल लोक हटकून विचारतात. दिसतो. गाडी त्याच्या अंगावरूनच जाते. पण त्याच्यासाठी म्हणून कोणी या गाडीचं तिकीट काढू नये, कारण क्रूझचा हंगाम पावसाळा सोडून असतो आणि एप्रिल-मेमध्ये दूधसागर म्हणजे कातळावरून ओघळणारी बारीक धार. मला जास्त आवडला तो घाट स्वतः. कुळे ते कॅसलरॉक सव्वीस किलोमीटर, सदतीस फुटांना एक फूट अशी चढण, म्हणून कुळ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात आणि ती ढकलतात. गाडी इतकी सावकाश चढते की पोटातलं पाणी हलत नाही. चोर्ल्याचा घाट सगळ्यांना लागला होता, त्याच डोंगररांगेतला हा एकालाही लागला नाही. आमच्या डब्यातले एक गृहस्थ गाडी हळू चालल्याबद्दल रेल्वेला शिव्या देत होते. हा मार्ग दुहेरी करायचा घाट घातला गेला होता, तो मोले अभयारण्यातून जातो म्हणून गोव्यातली माणसं रस्त्यावर आणि रुळांवर उतरली, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मी गृहस्थांना हे सांगितलं नाही. मला त्या दिवशी कोणालाच घाई करायला लावायची नव्हती.

बेळगावला मावसबहीण स्टेशनवर डबा घेऊन आली. ही सोय इनोव्हात कधी झाली नसती, कारण हायवे बेळगावच्या बाहेरून जातो आणि ‘आत जायला उगाच तास मोडेल’ असं म्हणून आम्ही दरवेळी तिला फक्त फोन करायचो. गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत तिने पोळ्या, वांग्याची भाजी, दहीभात आणि कुंद्याचा डबा खिडकीतून दिला, सासूबाईंचा हात धरला आणि खिडकीबरोबर चालत राहिली. त्यांची भेट किती वर्षांनी झाली होती ते मला माहीत नव्हतं.

आता या गाडीचे दोष. एक, पुण्याला ती पहाटे, अगदी साखरझोपेच्या वेळी येते. त्या वेळी स्टेशनबाहेरचे रिक्षावाले जो भाव सांगतात तो ऐकून इनोव्हाच्या दराची आठवण येते. पहाटे उतरायचंय म्हणून मिरज सोडल्यावर कोणालाही धड झोप लागत नाही. दोन, क्रूझ आपण तीन-चार महिने आधी ठरवतो आणि रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून फक्त साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे बोटीचे पैसे भरून झाले, आणि घरी कसं यायचं ते अजून अधांतरी. लांब पल्ल्याची गाडी असल्याने जागाही भराभर जातात. तीन, बोट उशिरा लागली तर गाडी थांबत नाही. ड्रायव्हर थांबतो. हा मुद्दा भाऊजी दर वेळी काढतात आणि त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच म्हणते की दुपारपर्यंत अवकाश आहे, आणि त्या दिवसापुरती रात्रीच्या बसची चौकशी करून ठेवायची. स्लीपर बस मला आवडत नाही, वरच्या बर्थवर सासूबाई चढणार कशा आणि रात्री उतरायचं झालं तर बस थांबवणार कोण. पण अडीनडीला आहे. विमानाचं म्हणाल तर दाबोळी विमानतळ बंदरापासून अगदी जवळ आहे, पण 2023 पासून बरीच उड्डाणं मोप्याच्या विमानतळावर गेली, तो गोव्याच्या दुसऱ्या टोकाला. आणि वजनाची मर्यादा बघता काजूची अर्धी खरेदी मागे ठेवावी लागेल.

मुंबईच्या मैत्रिणी विचारतात तेव्हा मी त्यांना वास्को सांगत नाही. त्यांनी मडगाव गाठावं. जून 2023 पासून वंदे भारत आहे, दुपारी निघते आणि रात्री सीएसएमटीला पोचवते, पहाटेची कटकट नाही. कोल्हापूरच्या चुलतभावाला मी आजही गाडीच करायला सांगेन, त्याला अंतर अर्धं आहे आणि आंबोलीत थांबायला त्याला आवडतं. त्यामुळे मी ‘रेल्वेवाली’ झाले असं कोणी समजू नये. मी आता आधी तीन प्रश्न विचारते. बोटीवरून पाय खरोखर जमिनीवर कधी टेकणार, बरोबरच्या बायका पाणी पिणार का, आणि गाडी चालवणारा माणूस रात्री कुठे झोपला होता.

येत्या डिसेंबरात पुन्हा जायचं ठरतंय. भाऊजी इनोव्हावर अडून बसले आहेत. त्यांच्या मते रेल्वेने मला बिघडवलं. मी त्यांना म्हटलं, खुशाल करा, फक्त ड्रायव्हरची आदल्या रात्रीची खोली वास्कोत तुमच्या खर्चाने, आणि ती आधी ठरवून मला पावती दाखवायची. त्यांनी कुरकुरत मान्य केलं. पुतण्या माझ्या बाजूला आहे, जाऊबाई तळ्यात-मळ्यात. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “मला काय, तुम्ही न्याल तशी येईन.” मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारून गेल्या, बेळगावला आधी कळवावं लागेल ना.